लंगोट, ऊन आणि पाणी : मुळशी तालुक्याच्या संदर्भात बाळासाठी धुऊन वापरण्याच्या कापडी लंगोटांची निवड व वापर

प्रस्तावना :

जन्मानंतर सुमारे दोन ते अडीच वर्षे मुलाचा मलमूत्रविसर्जनावर पुरेसा ताबा नसतो. या काळात त्याला कोरडे ठेवण्याची व्यवस्था प्रत्येक समाजाने आपल्या हवामानानुसार व हाताशी असलेल्या साधनांनुसार केलेली आढळते. महाराष्ट्रात ही व्यवस्था लंगोट, बाळोती आणि दुपटी या तीन शब्दांत सामावलेली होती. लंगोट कमरेला बांधायचा, बाळोते अंगाखाली घालायचे आणि दुपट्यात बाळाला गुंडाळायचे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या तिन्ही शब्दांची जागा हळूहळू 'डायपर' या एका शब्दाने घेतली. अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत कापडाकडे पुन्हा वळण्याची इच्छा दिसते. कोणी पर्यावरणाच्या विचाराने, कोणी खर्चाच्या हिशेबाने, तर कोणी बाळाच्या अंगावर पुरळ उठल्यामुळे कापडाकडे वळते.

तथापि या विषयावर जे मार्गदर्शन मिळते, ते बहुतांशी विक्रेत्यांचे तरी असते किंवा पाश्चात्त्य घर गृहीत धरून केलेले तरी असते. त्या घरात धुलाई यंत्र असते, गरम पाणी नळाला येते आणि कपडे वाळवण्यासही यंत्र असते. असे मार्गदर्शन वाचून मुळशी तालुक्यातील एखाद्या आईने जून महिन्यात जाड, अनेक पदरी कापडी डायपर विकत घेतले, तर जुलैत ती निराश होऊन दुकानातील एकदाच वापरायच्या डायपरकडे परत जाते. दोष कापडाचा नसतो, निवडीच्या निकषाचा असतो. कापडी लंगोट निवडताना शोषणक्षमता हा पहिला निकष मानण्याची रीत आहे. मुळशीसारख्या प्रदेशात मात्र पहिला निकष कापड वाळण्यास लागणारा वेळ हा असला पाहिजे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. लंगोटांची संख्या, प्रकार, खर्च, पाणी आणि श्रम या सर्व गोष्टी त्या एका निकषाशी कशा बांधलेल्या आहेत, हे पुढे स्पष्ट केले आहे.

एकाच तालुक्यातील दोन परिस्थिती :

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. पूर्वेकडे हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल, भूगाव व पिरंगुटचा औद्योगिक पट्टा आहे. बावधन, सूस व म्हाळुंगे ही गावे तर २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. या भागात उंच इमारती आहेत, बहुतेक घरांत धुलाई यंत्र आहे. परंतु ऊन येईल अशी जागा थोडी आहे. अनेक गृहसंकुलांत बाहेरील बाजूस कपडे वाळत घालण्यास मनाई असते, हीदेखील लक्षात घेण्याजोगी बाब होय.

पौडच्या पुढे पश्चिमेस गेल्यावर चित्र बदलते. मुळशी धरणाच्या भोवतालची गावे आणि ताम्हिणी घाटाचा परिसर हा सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यात येतो. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी येथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली होती. येथे अंगण असते, दांडी असते, वारा असतो. पण जून ते सप्टेंबर ऊन नसते आणि हवेतील आर्द्रता सतत अधिक असते. उलट एप्रिल-मे महिन्यांत ऊन भरपूर असते, तेव्हा डोंगरावरील वाड्यावस्त्यांना पाण्याची वानवा असते. ज्या धरणासाठी येथील गावे उठली आणि ज्याच्या विरोधात १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्या धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिरा येथे जाते. काठावरच्या वस्तीने मात्र उन्हाळ्यात हंडा घेऊन चालायचे, हा विरोधाभास तेथील स्त्रियांना सांगावा लागत नाही. लंगोटाच्या दृष्टीने सांगायचे तर पश्चिम मुळशीत पाणी असते तेव्हा ऊन नसते आणि ऊन असते तेव्हा पाणी नसते.

पूर्वीची पद्धती आणि तिचा आधार :

बाळाच्या कपड्यांचा पुनर्वापर ही केवळ गरिबीतून आलेली तडजोड नव्हती. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात नवजात बालकाची वस्त्रे व अंथरुणे मऊ, हलकी, स्वच्छ व सुगंधी असावीत, घाम व मलमूत्राने खराब झालेली टाकून द्यावीत, असे सांगितले आहे. दुसरी मिळणे शक्य नसल्यास तीच नीट धुऊन, धुपवून व पूर्ण कोरडी करून पुन्हा वापरावीत, असेही तेथे नमूद आहे. धुपवण्याच्या द्रव्यांत मोहरी, हिंग, गुग्गुळ यांबरोबर वचा म्हणजे आपला वेखंडही येतो. धुणे, धुपवणे आणि कोरडे करणे या तीन क्रियांपैकी कोरडे करण्यावरचा भर आजच्या विवेचनातही तितकाच महत्त्वाचा आहे.

मावळातील घरांमध्ये पावसाळ्यात शेगडीत निखारे घालून त्यावर बांबूची पाटी पालथी घालायची आणि तिच्यावर लंगोट व दुपटी पसरायची, ही पद्धत जुन्या पिढीतील अनेकींना आठवते. ओवा-वेखंडाची धुरी त्याच शेगडीत होई. यातील उपयुक्त भाग कोरड्या उष्णतेचा होता. बंद खोलीतील धूर तान्ह्या मुलाच्या श्वसनमार्गास अपायकारक असतो, हे आज निश्चितपणे माहीत आहे. तेव्हा परंपरेतील उष्णता घ्यावी आणि धूर सोडावा, हे बरे.

या पद्धतीचा दुसरा आधार होता जुने सुती लुगडे आणि धोतर. वर्षानुवर्षे धुतल्याने त्यातील खळ पूर्णपणे गेलेली असे, तंतू मोकळे झालेले असत आणि म्हणून ते कापड मऊही असे व पाणीही चटकन शोषत असे. नव्या कोऱ्या मांजरपाटाचा लंगोट पहिल्या दिवशी पाणी बाहेर सोडतो, याचे कारण हेच आहे. एक नऊवारी लुगडे फाडले की डझनावारी लंगोट निघत. घराघरांतील सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्यांच्या साड्यांनी घेतली, तेव्हा लंगोटांचा हा घरगुती पुरवठा आटला. पॉलिएस्टरची साडी कितीही जुनी झाली तरी तिचा लंगोट होत नाही. डायपरच्या प्रसाराचे श्रेय आपण जाहिरातींना देतो. घरातील जुनेराचे कापडच बदलले, या कारणाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

ओलाव्याचा त्वचेवर होणारा परिणाम :

लंगोटाच्या जागी उठणारे पुरळ हे नुसत्या 'उष्णतेने' उठत नाही. त्वचा दीर्घकाळ ओली राहिली की तिचा वरचा थर फुगतो आणि घर्षणाने सहज दुखावतो. मूत्रातील युरियाचे मलातील जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होते, त्यामुळे त्या जागेची आम्लता कमी होऊन ती अल्कधर्मी बनते. अशा स्थितीत मलातील प्रथिने व मेद पचवणारी विकरे अधिक क्रियाशील होतात आणि त्वचेवरच काम करू लागतात. म्हणजे शू आणि शी यांचा एकत्र संपर्क हा स्वतंत्र संपर्कापेक्षा अधिक घातक असतो. केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाचा मल तुलनेने आम्लधर्मी असल्याने त्याला हा त्रास कमी होतो. वरचे अन्न सुरू झाले की तो वाढतो, असा अनुभव आहे. पुरळ दोन-तीन दिवसांत न हटल्यास त्यावर बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता असते. त्या वेळी घरगुती उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांस दाखवणे आवश्यक ठरते.

यावरून कापडाचा एक दोष मान्य करावा लागतो. सुती लंगोट ओला झाला की ओला लागतो. तो लगेच बदलला तर त्वचेचे काही बिघडत नाही, न बदलला तर बिघडते. एकदाच वापरायच्या डायपरमधील अतिशोषक रसायन ओलावा आत बंदिस्त करते, म्हणून त्वचा तुलनेने कोरडी राहते. पण त्याच सोयीमुळे तो सहा-सात तास तसाच ठेवला जातो आणि त्यात शी झालेली लक्षात येत नाही. 'कापडाने पुरळ येत नाही' आणि 'डायपरने येत नाही' ही दोन्ही विधाने अर्धी आहेत. बदलण्याची वारंवारिता हा खरा घटक आहे आणि कोरडा लंगोट हाताशी असेल तरच ती राखता येते.

एकदाच वापरायचे डायपर :

अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने १९६१ साली 'पॅम्पर्स' बाजारात आणले. १९८० च्या दशकात कागदाच्या लगद्याबरोबर सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट हे अतिशोषक रसायन वापरले जाऊ लागले आणि डायपर पातळ झाला. भारतात १९९० च्या दशकात ही उत्पादने रुळू लागली. 'हगीज' तयार करणाऱ्या किंबर्ली-क्लार्क लिव्हर या कंपनीचा कारखाना पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातील सणसवाडी येथे उभा राहिला. बाहेरचे आवरण प्लास्टिकचे, आतला गाभा लगदा व रसायनाचा आणि त्यात मलमूत्र, अशी ही मिश्र वस्तू वापरानंतर ना कुजते, ना वेगळी करता येते.

दिवसाला सहा डायपर धरल्यास दोन वर्षांत एका मुलामागे चार हजारांहून अधिक होतात. प्रत्येकी दहा रुपये धरले, तर महिन्याचा खर्च अठराशे रुपये येतो. शेतमजुरीवर चालणाऱ्या घरास हा खर्च परवडणारा नाही. म्हणून तेथे एकच डायपर दिवसभर ठेवण्याची प्रवृत्ती दिसते आणि वर वर्णन केलेला त्वचेचा त्रास त्या मुलास अधिक होतो.

पर्यावरणीय तुलनेचा सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सुधारित आवृत्तीत अडीच वर्षांच्या वापरासाठी एकदाच वापरायच्या डायपरचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे ५५० किलो, तर कापडी डायपरचे सरासरी सुमारे ५७० किलो आढळले. हे आकडे दाखवून 'दोन्ही सारखेच' असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. मात्र त्याच अभ्यासात पुढे असे दिसले की, कपडे दोरीवर वाळवले, यंत्र पूर्ण भरून चालवले आणि तेच डायपर दुसऱ्या मुलासही वापरले, तर कापडाचे उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी घटते. यंत्राने वाळवल्यास ते वाढते. २०२३ साली ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या नव्या अभ्यासात कापडी डायपरचा हवामानावरील परिणाम सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे तेथेही निकाल ठरतो तो वाळवण्याच्या रीतीवर. अशा अभ्यासांत वीज, पाणी, साबण, वाहतूक हे सर्व मोजले जाते. धुणारीचे श्रम मात्र मोजले जात नाहीत. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

कापड व घडण यांची निवड :

बाजारात आज कापडी डायपरचे अनेक प्रकार मिळतात. मुंबईतील 'सुपरबॉटम्स', बंगळूरमधील 'बंपाडम' अशा भारतीय उत्पादकांनी ते मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचवले आहेत. नावे अनेक असली तरी घडण दोनच तऱ्हांची असते. एक, ज्यात शोषक कापड व जलरोधक आवरण एकत्र शिवलेले असते. दोन, ज्यात शोषक कापड सुटे असते आणि आवरण वेगळे. आपला लंगोट हा दुसऱ्या प्रकारातील सर्वांत साधा नमुना होय. त्याला पूर्वी आवरण नव्हते, एवढाच फरक.

एकत्र शिवलेला डायपर नेसवण्यास सोपा असतो. पाळणाघरातील ताईंना, आजोबांना किंवा घाईत असलेल्या वडिलांना तो सहज जमतो. परंतु त्याचे चार-सहा पदर एकमेकांना शिवलेले असतात आणि एका बाजूस पॉलियुरेथेनचा थर दिलेले पॉलिएस्टर असते. पाणी वाफ होऊन जाण्यासाठी त्याला एकच बाजू उरते आणि आतल्या पदरांना तर हवा लागतच नाही. सुती तंतू हवेतील ओलावाही धरून ठेवतो. मध्यम आर्द्रतेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा बाळगतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पावसाळी हवेत कापसाचे हे प्रमाण कितीतरी वाढते. प्रस्तुत लेखिकेने जुलै महिन्यात घरातील एकाच दोरीवर मलमलीचा एकपदरी लंगोट व एकत्र शिवलेला डायपर सकाळी वाळत घातले. मलमल सायंकाळपर्यंत हाताला कोरडी लागली. डायपरची शिवण तिसऱ्या दिवशी सकाळीही दमट होती आणि तिला कुबट वास येऊ लागला होता. एका घरातील हे निरीक्षण म्हणजे संशोधन नव्हे. परंतु ज्यांच्या घरात लहान मूल आहे, त्यांना ते अपरिचित वाटणार नाही.

यावर उपाय जुन्याच कापडात आहे. साधारण सत्तर ते नव्वद सेंटिमीटरचा मलमलीचा चौकोन नेसवताना आठ पदरी घडी घालता येतो आणि वाळवताना उलगडून एक पदरी पसरता येतो. नेसवताना जाड आणि वाळताना पातळ असण्याचा हा गुण कोणत्याही शिवलेल्या डायपरमध्ये येत नाही. त्यावर जलरोधक आवरण वेगळे चढवावे. आवरणात पाणी मुरत नसल्याने ते झटकून टांगले की दोन-तीन तासांत वाळते. शीने खराब झाले नसेल तर पुसून पुन्हा वापरता येते. अशी पाच-सहा आवरणे पुरतात. जुन्या पिढीने वापरलेली रबरी चड्डी मात्र टाळावी. तिच्यातून हवा जात नाही.

सूक्ष्म पॉलिएस्टर तंतूंच्या घड्या, ज्यांना बाजारात 'मायक्रोफायबर' म्हणतात, त्या लवकर वाळतात. पण दाब पडला की शोषलेले पाणी सोडतात आणि त्वचेतील ओलावाही ओढून घेतात. त्या थेट अंगाला लावू नयेत. बांबूपासून केलेला म्हणून विकला जाणारा धागा बहुधा व्हिस्कोस असतो. तो मऊ व शोषक आहे, मात्र सुतापेक्षाही सावकाश वाळतो. उन्हाळ्यात रात्रीच्या वापरासाठी तो चांगला, पावसाळ्यात नव्हे. नवे सुती कापड प्रथम तीन-चार वेळा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढावी.

बांधण्याविषयी एक सूचना आवश्यक आहे. लंगोट बेंबीच्या खाली बांधावा, कमरेत दोन बोटे सहज जातील इतका सैल असावा आणि मांड्या बाजूला फाकलेल्या राहाव्यात. दुपट्यात पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळण्याची रीत खुब्याच्या सांध्याच्या वाढीस बाधक ठरते. जाड घडीचा लंगोट मांड्या फाकवून ठेवतो म्हणून 'मूल फेंगडे चालेल' अशी भीती घरातील वडीलधाऱ्या व्यक्त करतात. ती निराधार आहे.

संख्येचा हिशेब :

'किती लंगोट घ्यावेत?' या प्रश्नास सरसकट उत्तर देता येत नाही. लंगोट रोज धुतले जातात असे मानल्यास एका दिवसाची गरज, अधिक तितकेच लंगोट गुणिले वाळण्याचे दिवस, असा साधा हिशेब होतो. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला बारा लंगोट लागतात असे धरू. उन्हाळ्यात सकाळी धुतलेले सायंकाळी वाळतात, म्हणून चोवीस पुरतात. पावसाळ्यात वाळण्यास तीन दिवस लागले तर बारा वापरात व छत्तीस दोरीवर, असे अठ्ठेचाळीस हवेत. दोरीवरची गर्दी वाढली की हवा खेळत नाही आणि वाळण्याचा काळ आणखी लांबतो. तेव्हा संख्या वाढवण्यापेक्षा वाळण्याचा काळ घटवणे हेच शहाणपणाचे ठरते. एकपदरी मलमल, दोन लंगोटांत चार बोटांचे अंतर, छताखाली पंख्याचा वारा आणि शेवटी गरम इस्त्री, एवढ्याने तो काळ एका दिवसावर येतो. पश्चिम भागात पावसाळ्यात वीज जाणे नित्याचे असल्याने तेथे चुलीच्या वरच्या बाजूस, धुरापासून दूर बांधलेली दांडी अजूनही उपयोगी पडते. अशा रीतीने छत्तीस चौकोन बहुतेक घरांना पुरावेत. मलमल मीटरला ऐंशी रुपये धरल्यास त्यांचा खर्च तीन हजारांच्या आत राहतो. याउलट एकत्र शिवलेले डायपर दिवसाला आठ व वाळण्यास तीन दिवस धरले, तर बत्तीस नग लागतात. प्रत्येकी चारशे रुपयांप्रमाणे ती रक्कम बारा हजारांपुढे जाते.

बाळाचा जन्म कोणत्या महिन्यात होणार, यावर लंगोटांची खरेदी ठरवावी, हे ऐकताना विचित्र वाटते. पण मुळशीत ते व्यवहार्य आहे.

धुण्याची रीत :

मल प्रथम शौचालयात टाकावा आणि लंगोट तेथेच खळबळून घ्यावा. तान्ह्या मुलाची शी 'निर्मळ' असते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही अतिसाराचे जंतू पसरतात. यास्तव लंगोट विहिरीच्या कठड्याशी, ओढ्यात किंवा धरणाच्या फुगवट्यात धुऊ नयेत. ओले लंगोट झाकणबंद बादलीत दिवसभर पाण्यात भिजत ठेवण्यापेक्षा कोरड्या, हवा लागणाऱ्या टोपलीत ठेवणे चांगले, कारण साचलेल्या पाण्यात अमोनिया व दुर्गंधी वाढते. धुताना प्रथम थंड पाणी वापरावे. आरंभीच उकळते पाणी ओतल्यास मलातील प्रथिने कापडास धरतात व डाग बसतो. त्यानंतर साबण व गरम पाणी. यंत्र असल्यास ६० अंश सेल्सिअसचे आवर्तन पुरेसे असते. हाताने धुणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा सुती लंगोट धुण्याच्या सोड्यात उकळून घ्यावेत. जलरोधक आवरणे मात्र उकळू नयेत व त्यांवर इस्त्री फिरवू नये, त्यांचा थर सुटतो.

कापड मऊ व सुगंधी करणारी द्रावणे वापरू नयेत. ती तंतूवर मेणासारखा थर चढवतात आणि लंगोटाची शोषणक्षमता घटते. साबणाचा अंश राहिल्यासही तेच घडते, शिवाय त्वचेची आग होते. बोअरचे पाणी जड असेल तर हा दोष अधिक दिसतो. ऊन मिळेल तेव्हा लंगोट उन्हातच घालावेत, कारण त्याने पिवळे डागही जातात आणि जंतूंची संख्याही घटते. जंतुनाशक द्रावणाचा रोजचा वापर अनावश्यक आहे.

बाळाला दूध पाजल्यानंतर किंवा झोपेतून उठल्यावर पायांवर धरून शी-शू करवण्याची आपल्याकडील जुनी सवय येथे फार उपयोगी पडते. तिने निदान शीचे लंगोट कमी होतात आणि धुण्यातील सर्वांत नकोसा भाग टळतो.

पाणी व श्रम :

बारा लंगोट हाताने धुण्यास खळबळण्याची एक, साबणाची एक व स्वच्छ पाण्याच्या दोन अशा चार बादल्या लागतात. बादली पंधरा लिटरची धरली तर हे पाणी साठ लिटर होते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात दरमाणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. म्हणजे केवळ लंगोटांसाठी घरात आणखी एक माणूस वाढल्याइतके पाणी लागते. जेथे मे महिन्यात पाणी डोक्यावरून आणावे लागते, तेथील स्त्रीस 'कापड वापरा, पर्यावरण वाचवा' असे सांगणे हे तिच्या श्रमांचा हिशेब न करता दिलेले व्याख्यान ठरते. तेथे शेवटच्या स्वच्छ पाण्याने दुसऱ्या दिवशीचे पहिले खळबळणे करावे, पाणी झाडास न घालता शोषखड्ड्यात सोडावे आणि टंचाईच्या आठवड्यांत एकदाच वापरायचे डायपर घ्यावे लागले तर त्यात कमीपणा मानू नये.

पूर्व भागातील प्रश्न वेगळा आहे. तेथे लंगोट धुण्याचे काम घरकामास येणाऱ्या बाईकडे, बहुधा वेगळी मजुरी न ठरवता, जाते. दुसऱ्याच्या मुलाचा मल हाताने धुण्याचे काम आपल्या समाजात कोणाच्या वाट्याला येत गेले, हे येथे वेगळे सांगण्याची गरज नाही. मल काढण्याचे व खळबळण्याचे काम कुटुंबातील व्यक्तीनेच, आणि त्यातही वडिलांनी, करावे. धुणे बाहेरच्या व्यक्तीकडे असेल तर त्याची मजुरी स्वतंत्र ठरवावी. आपण प्राध्यापक मंडळी पर्यावरण अभ्यासाच्या तासाला कापडी पिशवीचा पुरस्कार करतो. लंगोटाचा पुरस्कार करताना तो धुणार कोण, हा प्रश्न प्रथम घरात विचारला पाहिजे. पूर्णवेळ अध्यापिकेस प्रसूतिरजा मिळते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या भगिनींना अनेकदा तीही मिळत नाही. अशा वेळी तीन महिन्यांचे मूल पाळणाघरात ठेवावे लागते आणि पाळणाघर कापडी लंगोट घेत नाही.

मिश्र वापर व विल्हेवाट :

या कारणांमुळे घरी दिवसा लंगोट आणि प्रवासात, पाळणाघरात व रात्री डायपर, असा मिश्र वापर बहुतेक घरांत होतो. त्यात गैर काही नाही. दिवसाचे सहा डायपर दोनवर आले तरी कचरा दोन-तृतीयांशाने घटतो. उरलेल्या दोहोंचे काय करायचे, हे मात्र ठरवावे लागते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेल्या डायपरचा समावेश 'सॅनिटरी कचरा' या वर्गात करण्यात आला, तो वेगळा गुंडाळून देण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर आणि त्यासाठी वेष्टन पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. त्यापूर्वी, २०१३ साली, पुण्यातील 'स्वच्छ' या कचरावेचक महिलांच्या सहकारी संस्थेने वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवण्याची मोहीम केली होती. उघड्या हातांनी कचरा वेगळा करणाऱ्या स्त्रियांनी उचललेले ते पाऊल होते. डायपर त्याच हातांत जातो, म्हणून आतील मल शौचालयात टाकून, डायपरची घट्ट गुंडाळी करून, ती कागदात बांधून आणि कागदावर ओळखता येईल अशी लाल खूण करून द्यावी.

ज्या गावांत कचरा गोळा करण्याची व्यवस्था नाही, तेथे डायपर रस्त्याकडेच्या चरात पडतात, पावसात फुगतात आणि ओढ्याने वाहत नदीत जातात. किंवा पाचोळ्याबरोबर पेटवले जातात. ओला गाभा नीट जळत नाही आणि प्लास्टिकचा धूर मात्र घरात येतो. तेथे पाणवठ्यापासून दूर, गुरे व कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात ते पुरणे, एवढाच त्यातल्या त्यात कमी हानिकारक मार्ग उरतो. सुती लंगोट झिजला की प्रथम भांडी पुसण्याचे, मग दिवा-कंदील पुसण्याचे फडके होतो आणि शेवटी शेणखताच्या उकिरड्यात कुजून जातो. त्यावरील जलरोधक आवरण कुजत नाही. म्हणून आवरणे पाच-सहाच घ्यावीत, लवचीक पट्टी सैल झाली तर ती बदलून घ्यावी आणि एका मुलाची आवरणे स्वच्छ धुऊन नात्यातील पुढच्या बाळंतिणीकडे, बाळंतविड्याबरोबर, पोहोचती करावीत.